मुंगीची नवी प्रजाती: वर्णन कसे करावे आणि जवळच्या प्रजातींपासून ती वेगळी कशी दाखवावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठवाड्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र किंवा कृषी कीटकशास्त्र शिकणारे विद्यार्थी, हौशी निसर्गनिरीक्षक आणि काही चौकस शेतकरी यांच्याकडून मुंग्यांविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे वर्णनाचे व नियमांचे, आणि शेवटी जिथे जाणकारही अडखळतात असे अपवाद घेतले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्यात लागतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या शेतात आजवर कधीही न पाहिलेली मुंगी दिसली. ती नवी प्रजाती असू शकते का?

असू शकते, परंतु आधी तीन पायऱ्या वेगळ्या कराव्या लागतात. ती आपण प्रथमच पाहिली असेल, मराठवाड्यातून तिची नोंद प्रथमच होत असेल, किंवा ती विज्ञानालाच अज्ञात असेल. बहुतेक वेळा पहिली पायरी खरी ठरते, कधीकधी दुसरी आणि क्वचित तिसरी. जगात मुंग्यांच्या १४,००० हून अधिक प्रजातींचे वर्णन झालेले आहे आणि भारतातून आठशेहून अधिक प्रजाती व उपप्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. आपली मुंगी यांपैकी एकही नाही, हे दाखवता आले तरच तिला नवी म्हणता येते. मात्र दुसरी पायरी कमी महत्त्वाची मानू नये. बालाघाटच्या डोंगररांगांतून किंवा किनवटच्या जंगलातून एखाद्या ज्ञात मुंगीची नीट नमुन्यांसह झालेली पहिली नोंद ही घाईने जाहीर केलेल्या नव्या प्रजातीपेक्षा कितीतरी उपयोगाची असते.

२. मुंगी कोणत्या गटातील आहे हे आधी कसे ठरवावे?

कंबरेपासून सुरुवात करावी. वक्ष आणि पोट यांच्यामधल्या भागात एक गाठ आहे की दोन, हे साध्या भिंगातूनही दिसते. दोन गाठी असतील तर मुंगी बहुधा मिर्मिसिनी उपकुळातील असते. घरात साखरेवर येणारी बारीक मोनोमोरियम, बिया गोळा करणारी ट्रायकोमायर्मेक्स आणि पोट वर उचलून धावणारी क्रीमॅटोगॅस्टर या सर्व त्यातल्याच आहेत. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की झाडावर राहणारी, लांबट बांध्याची, लाल-काळी आणि जबर दंश करणारी टेट्रापोनेरा रुफोनायग्रा हिलाही दोन गाठी असतात, पण तिचे उपकुळ वेगळे आहे. गाठ एकच असेल तर पोटाचे टोक पाहावे. तेथे बारीक केसांची झालर असलेले गोल छिद्र दिसले तर ती फॉर्मिसिनी उपकुळातील, म्हणजे आपल्या काळ्या डोंगळ्याच्या नात्यातील मुंगी होय. फटीसारखे छिद्र असेल आणि नांगी नसेल तर डॉलिकोडेरिनी उपकुळ. पोटाच्या पहिल्या व दुसऱ्या वलयांमध्ये आवळल्यासारखी खाच आणि टोकाला नांगी असेल तर बहुधा पोनेरिनी उपकुळ. उपकुळ चुकले की पुढची सगळी तुलना चुकीच्या नातेवाइकांशी होते, म्हणून येथे घाई करू नये.

३. बांधावर तांबड्या, मोठ्या डोक्याच्या मुंग्या आहेत. काही जण त्यांना सोलेनॉप्सिस म्हणतात, काही फायडोली. फरक कसा करावा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, कारण दोन्ही वंशांत लहान कामकऱ्यांच्या रांगेत मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या दिसतात आणि दोन्ही तांबूस असू शकतात. डोक्याकडे पाहत बसण्यापेक्षा शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शमिशीचे, खंड मोजावेत. सोलेनॉप्सिसच्या कामकरी मुंगीच्या शृंगिकेत एकूण १० खंड असतात आणि टोकाची फुगीर गदा दोन खंडांची असते. फायडोलीच्या बहुतेक प्रजातींत १२ खंड असतात आणि गदा तीन खंडांची असते. त्यानंतर वक्षाचा मागचा उतार पाहावा. फायडोलीत तेथे बहुधा दोन काटे किंवा दात असतात, तर सोलेनॉप्सिसमध्ये ते नसतात. आणखी एक मुंगी या गोंधळात भर घालते. कॅरेबारा डायव्हर्सा हिच्या शृंगिकेत ११ खंड असतात, गदा दोन खंडांची असते आणि तिच्या सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या कामकऱ्यांमध्ये इतका फरक असतो की एकीला दुसरीची बहीण म्हणायला मन धजत नाही. सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही आग्यासारखी चावणारी मुंगी मूळची अमेरिका खंडातील आहे; आपल्याकडे ती सर्वत्र पसरली असल्यामुळे 'नवी मुंगी' म्हणून येणाऱ्या तांबड्या नमुन्यांत तिची शक्यता सर्वप्रथम तपासावी.

शृंगिकेच्या खंडांची संख्या किती निर्णायक असू शकते याचे उत्तम उदाहरण ऊसेरिया या दुर्मीळ वंशात मिळते. त्यातील पूर्वी ज्ञात असलेल्या प्रजातींच्या शृंगिकेत आठ, नऊ किंवा अकरा खंड आढळले होते. दक्षिण भारतातून वर्णन झालेल्या ऊसेरिया जोशीआय आणि ऊसेरिया डेकामेरा या दोन प्रजातींत मात्र ते दहा निघाले.

४. एकाच बिळातून अगदी वेगळ्या दिसणाऱ्या मुंग्या निघाल्या. त्या दोन प्रजाती समजाव्यात का?

एवढ्यावरून नाही. राणी, नर आणि कामकरी यांची ठेवण मुळातच वेगळी असते, आणि अनेक वंशांत कामकऱ्यांमध्येही लहान-मोठे प्रकार असतात. काळा डोंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याची सर्वांत लहान कामकरी मुंगी सडपातळ आणि अरुंद डोक्याची असते, तर मोठीचे डोके जवळजवळ हृदयाकृती व रुंद असते. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या तर अनुभवी माणूसही क्षणभर थबकतो. म्हणूनच एका बिळातील नमुने एकाच क्रमांकाखाली ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी. मोठी आणि लहान एकाच बिळातून आल्या, ही नोंद पुढे कोणत्याही मोजमापापेक्षा मोलाची ठरते. एका बिळात दोन प्रजाती खरोखर राहत असल्याची उदाहरणेही आहेत, कारण काही मुंग्या दुसऱ्या मुंग्यांच्या घरात परजीवी म्हणून राहतात. पण तो निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा.

५. रंग पूर्णपणे वेगळा आहे. एवढे पुरेसे नाही का?

नाही. नुकतीच कोशातून बाहेर पडलेली मुंगी फिकट पिवळसर असते आणि काही दिवसांत गडद होते. अल्कोहोलमध्ये बराच काळ ठेवलेला नमुना फिका पडतो. कॅम्पोनोटस सेरिसियस या मुंगीच्या पोटावर सोनेरी मखमलीसारखी लव असते आणि ते लक्षण टिकून राहते, मात्र तिचे डोके कोठे काळे तर कोठे तांबूस आढळते. रंग वर्णनात जरूर लिहावा, पण वेगळेपणाचा सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

याला अपवाद आहे. अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यातून २०२४ मध्ये वर्णन झालेली पॅरापॅराट्रेकिना नीला ही दोन मिलिमीटरांहूनही लहान मुंगी धातूसारखी निळी चमकते, आणि तिच्या वंशात असा रंग दुसऱ्या कोणत्याही प्रजातीत नाही. तरीही तिच्या वर्णनकर्त्यांनी केवळ रंगावर न थांबता डोक्याचा आकार, जबड्याचे दात व शरीराची मापे दिली आहेत.

६. मोबाइलवरचा फोटो पाठवला तर प्रजाती सांगाल का?

वंशापर्यंत अनेकदा सांगता येते, प्रजातीपर्यंत क्वचित. शृंगिकेचे खंड, पोटाच्या टोकाचे छिद्र आणि वक्षावरील बारीक रेषा या गोष्टी मोबाइलच्या फोटोत बहुधा येत नाहीत. फोटो काढलाच तर वरून, बाजूने आणि समोरून असे तीन काढावेत आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी.

७. नमुने केव्हा, कोठून आणि किती गोळा करावेत?

मराठवाड्यात मृगाच्या पहिल्या पावसापासून भाद्रपदापर्यंतचा काळ सर्वांत फलदायी असतो. पहिल्या दमदार सरींनंतर पंखवाल्या राण्या आणि नर बाहेर पडतात आणि त्यांना त्यांच्या बिळाच्या तोंडाशीच पकडता आले तर कामकऱ्यांशी त्यांचा संबंध निर्विवाद राहतो; दिव्यावर आलेले नर कोणाचे हे मात्र सांगता येत नाही. काळ्या कसदार जमिनीत उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगा, मुरमाड माळरान, बांधावरच्या बोरी-बाभळींची साल, विहिरीचे दगडी काठ आणि आमराईतील पालापाचोळा अशी निरनिराळी ठिकाणे पाहावीत. नाग राहतो म्हणून ज्याला हात लावत नाहीत ते मोठे वारूळ वाळवीने बांधलेले असते. त्यात मुंग्या सापडल्या तर 'वाळवीच्या वारुळात' असेच लिहावे, 'मुंग्यांचे वारूळ' असे लिहू नये.

वर्णनासाठी एकाच बिळातील शक्य तितक्या कामकरी, आणि शक्यतो दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणची बिळे हवीत. शरीररचनेसाठी ७० ते ८० टक्के इथेनॉल चालते. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के किंवा अधिक घ्यावे.

८. नमुना टाचणीवर कसा लावावा आणि लेबलवर काय लिहावे?

मुंगी टाचणीने थेट टोचत नाहीत. जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापून त्याच्या रुंद बाजूतून टाचणी घालतात आणि निमुळत्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा अगदी लहान थेंब घेऊन मुंगीच्या वक्षाचा तळ, पायांच्या मुळांमध्ये, त्यावर टेकवतात. डिंक कंबरेपर्यंत पसरला तर कंबरेच्या गाठीचा खालचा भाग कायमचा झाकला जातो आणि नेमके तेच लक्षण पुढे कोणाला तरी पाहायचे असते. लेबलवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अधिवास, गोळा करणाऱ्याचे नाव आणि बिळाचा क्रमांक असावा. 'मराठवाडा' एवढेच लिहिलेले लेबल निरुपयोगी असते. जिल्ह्यांची नावे बदलत असल्यामुळे अक्षांश-रेखांश टाळू नयेत.

९. कोणती मापे घ्यावी लागतात?

डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, शृंगिकेच्या पहिल्या लांब खंडाची लांबी, डोळ्याचा व्यास, वक्षाची तिरपी लांबी आणि कंबरेच्या गाठीची लांबी-उंची ही नेहमीची मापे आहेत. त्यांवरून निर्देशांक काढतात. डोक्याची रुंदी ०.९० मिमी आणि लांबी १.०० मिमी असेल तर डोक्याचा निर्देशांक ९० येतो.

मापांपेक्षा नमुना कसा धरला हे अधिक महत्त्वाचे आहे. डोके मोजताना ते असे फिरवावे लागते की समोरच्या मुखपट्टाची (जबड्यांच्या लगेच वरच्या पट्टीची) कड आणि डोक्याची मागची कड एकाच वेळी सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसतील. डोके थोडे जरी पुढे झुकलेले राहिले तरी लांबी कमी भरते, निर्देशांक वाढतो आणि रुंद डोक्याची 'नवी' प्रजाती कागदावर जन्माला येते. दुसरी अडचण प्रश्न ४ मधून येते. अशा मुंग्यांत डोके जसजसे मोठे होते तसतसा शृंगिकेचा पहिला खंड त्या मानाने आखूड दिसू लागतो. म्हणून एका प्रजातीच्या मोठ्या कामकरीची दुसरीच्या लहान कामकरीशी तुलना करणे व्यर्थ आहे. सारख्या आकाराच्या कामकरींचीच तुलना करावी आणि प्रत्येक मापाचा किमान-कमाल पल्ला द्यावा.

१०. तुलना नेमकी कोणाशी करायची? सगळ्या मुंग्यांशी तर शक्य नाही.

त्या वंशातील, आणि वंश मोठा असेल तर त्यातील जवळच्या गटातील, प्रत्येक प्रजातीशी. भारतातील मुंग्यांसाठी बिंगहॅम यांचा १९०३ चा ग्रंथ अजूनही सुरुवातीला उघडावा लागतो, पण त्यावर थांबता येत नाही, कारण त्यानंतर अनेक वंशांची नावे व सीमा बदलल्या आहेत. उपप्रजाती म्हणून दिलेली जुनी नावेही तपासावीत. त्यांतील एखादे नाव आपल्याच मुंगीचे निघाले तर अग्रक्रम त्या जुन्या नावाला मिळतो. भारतातील अनेक जुन्या मुंग्यांचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून त्यांचे प्रथम वर्णन झाले ते, युरोपातील संग्रहालयांत आहेत. जुने मुंगीतज्ज्ञ फोरेल यांचा संग्रह जिनिव्हात, मायर यांचा व्हिएन्नात आणि एमरी यांचा जेनोवात आहे. त्यांतील बऱ्याच नमुन्यांची मोठी छायाचित्रे आता अँटवेब या मुंग्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. जर्डन यांनी १८५१ मध्ये दक्षिण भारतातील मुंग्यांचे वर्णन केले, पण त्यांच्या अनेक प्रजातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. तेथे मूळ वर्णन आणि मूळ स्थानाजवळून नव्याने गोळा केलेले नमुने यांवरच भिस्त ठेवावी लागते.

फक्त 'ही अमुक प्रजातीसारखी आहे, पण वेगळी आहे' असे लिहिणे म्हणजे तुलना नव्हे. कोणत्या लक्षणात, किती, आणि दोन्हीकडचे किती नमुने पाहून, हे सांगावे लागते.

११. निदान आणि वर्णन यांत फरक काय?

निदानात केवळ वेगळेपणा दाखवणारी लक्षणे थोडक्यात येतात, वर्णनात डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत सर्व काही येते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९३० नंतर दिलेल्या नावासोबत वेगळेपणा सांगणारी लक्षणे शब्दांत असावी लागतात; नुसत्या छायाचित्राने भागत नाही. व्यवहारात निदान सर्वांत जास्त वाचले जाते, तरी अनेक प्रबंधांत ते सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेले दिसते. 'शरीर काळे, सहा पाय, शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या' हे निदान जगातील हजारो मुंग्यांना लागू पडेल. निदानासोबत ओळख-किल्ली, म्हणजे लक्षणांच्या जोड्यांतून प्रजातीपर्यंत नेणारा तक्ता, दिली तर वर्णनकर्त्याची स्वतःचीही परीक्षा होते, कारण किल्लीतील प्रत्येक जोडीत एक लक्षण 'आहे' किंवा 'नाही' असे ठामपणे मांडावे लागते.

१२. होलोटाइप म्हणजे काय आणि तो कोठे ठेवावा? माझ्या महाविद्यालयाच्या कपाटात चालेल का?

होलोटाइप म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधले गेले असा एकच नमुना. त्याच मालिकेतील इतर नमुन्यांना पॅराटाइप म्हणतात. १९९९ नंतरच्या नव्या प्रजातीसाठी होलोटाइपसारखा नावाचा आधार असलेला नमुना स्पष्टपणे नेमणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हे सांगणे बंधनकारक आहे. महाविद्यालयाच्या कपाटाविषयी स्पष्टच सांगायचे तर, डांबरगोळ्या संपल्या आणि प्राध्यापक निवृत्त झाले की त्या पेटीला कोणी वाली राहत नाही. शिवाय जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्याने शोधलेल्या प्रजातीची माहिती नियुक्त संग्रहसंस्थेला कळवून तिचे नमुने तेथे जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी कोलकात्याची भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था अशी नियुक्त संस्था आहे आणि तिचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. काही पॅराटाइप विद्यापीठात ठेवण्यास हरकत नाही.

१३. नाव मराठीतून किंवा आमच्या गावावरून देता येईल का?

येईल, मात्र ते लॅटिन लिपीत लिहावे लागते आणि त्याच वंशात तेच नाव आधी वापरलेले नसावे. प्रश्न ५ मधील 'नीला' हे भारतीय भाषांतूनच घेतलेले नाव आहे. स्थळावरून नाव देताना पुल्लिंगी व स्त्रीलिंगी वंशासाठी शेवट 'एन्सिस' होतो, नपुंसकलिंगी वंशासाठी 'एन्से'. विशेषण असलेले नाव वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलते. त्यामुळेच फायडोली इंडिका आणि मोनोमोरियम इंडिकम अशी दोन रूपे दिसतात. फॅब्रिशियस यांनी १७८७ मध्ये फॉर्मिका कॉम्प्रेसा म्हणून वर्णिलेला आपला डोंगळा कॅम्पोनोटस वंशात गेल्यावर कॉम्प्रेसस झाला, आणि वंश बदलल्याची खूण म्हणून फॅब्रिशियस यांचे नाव व वर्ष कंसात लिहिले जाते. व्यक्तीच्या सन्मानार्थ नाव देता येते. स्वतःचेच नाव स्वतः देण्यास संहितेची बंदी नाही, पण तसे करणाऱ्याकडे सहकारी कसे पाहतात हे सांगायला नको.

१४. वर्तमानपत्रात आधी बातमी दिली तर चालेल का?

देऊ नये. शोधाची बातमी शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावरच यावी आणि त्याआधी प्रस्तावित नाव कोठेही छापले जाऊ नये, कारण त्यातून नावाच्या तारखेविषयी व कर्त्याविषयी नाहक वाद उद्भवतात. केवळ विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध नामकरणापुरता प्रकाशन ठरत नाही. निव्वळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध करायचे असेल तर, २०१२ च्या दुरुस्तीनुसार, त्या निबंधाची झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी झालेली असावी लागते.

१५. डीएनए बारकोडिंग केल्याशिवाय नवी प्रजाती मान्य होत नाही, हे खरे आहे का?

खरे नाही, संहिता डीएनएची सक्ती करत नाही. मुंग्यांत सहसा मायटोकाँड्रियातील सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात, आणि नर कोणत्या कामकरीचा हे जुळवण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. मात्र हे जनुक केवळ आईकडून येते, दोन प्रजातींच्या संकरातून ते एकीकडून दुसरीकडे जाऊ शकते, आणि वोल्बाकियासारख्या जिवाणूंच्या प्रसारामुळे त्याचे चित्र विस्कटते. शरीररचनेत काहीच फरक नसताना केवळ सीओआयमधील काही टक्क्यांच्या फरकावर नवे नाव देणे आमच्या मते घाईचे आहे.

१६. आमच्याकडील मुंगी तमिळनाडूतील प्रजातीपेक्षा थोडी वेगळी आहे. मधल्या भागातून नमुने नाहीत. हिला नवी म्हणावे का?

येथे सर्वाधिक चुकीच्या प्रजाती तयार होतात. दोन रूपे एकाच माळावर शेजारी-शेजारी राहत असतील आणि त्यांच्यामधले एकही रूप सापडत नसेल, तर त्या दोन प्रजाती असल्याचा तो भक्कम पुरावा असतो, मग फरक कितीही बारीक का असेना. परंतु एक रूप धाराशिवला आणि दुसरे कोइंबतूरला असेल, तर उत्तरेकडे सरकताना लव हळूहळू विरळ होत जाणे किंवा काटे आखूड होत जाणे हा एकाच प्रजातीतील क्रमिक बदलही असू शकतो. अशा वेळी सोलापूर, विजयपूर, बळ्ळारी अशा मधल्या ठिकाणांचे नमुने मिळवावेत. ते मिळेपर्यंत नमुन्यावर जवळच्या प्रजातीचे नाव लिहून त्याआधी 'सदृश' असा शेरा ठेवावा. असा शेरा ठेवण्यात कमीपणा काहीच नाही.

१७. एकच नमुना आहे, किंवा फक्त नर सापडला आहे. वर्णन करता येईल का?

नियमाने येते, विवेकाने सहसा करू नये. एका नमुन्यावरून प्रजातीतील भिन्नता कळत नाही, आणि मुंग्यांच्या ओळख-किल्ल्या बहुतांशी कामकरींवर बेतलेल्या असल्यामुळे नराचे नाव वर्षानुवर्षे लोंबकळत राहते. वंशच इतका निराळा असेल की शंकेला जागा नाही, तेव्हाचा अपवाद समजण्यासारखा आहे.

१८. फुगलेले पोट, लहान डोके अशी विचित्र कामकरी मुंगी मिळाली. ही नवी प्रजाती आहे का?

पोट उघडून पाहावे. मुंगी अळी अवस्थेत असतानाच मर्मिथिड गटातील गोलकृमी तिच्या शरीरात शिरला तर तिची वाढ बिघडते; डोके लहान राहते, पोट ताणले जाते, कधी राणीसारखी लक्षणेही दिसू लागतात. अशा रोगट नमुन्यांना पूर्वी वेगळी नावे दिली गेली होती. बिळातील इतर कामकरी सर्वसाधारण असतील तर शंका आणखी बळावते.

१९. अभयारण्यातून मुंग्या गोळा करायला परवानगी लागते का?

लागते. गौताळा, येडशी-रामलिंग घाट, नायगाव किंवा पैनगंगा अभयारण्यातून मुंगीसुद्धा वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलू नये. अनेक नियतकालिके निबंधासोबत परवान्याचा क्रमांक मागतात. खासगी शेतात मालकाची संमती घ्यावी.

२०. मी वर्णन केलेली प्रजाती जुनीच असल्याचे पुढे कोणी दाखवले तर?

तर नव्या नावाला कनिष्ठ समानार्थी नाव मानतात आणि जुने नाव चालू राहते. नाव यादीतून पुसले जात नाही. पुढे आणखी पुरावा मिळाल्यास ते पुन्हा वैध ठरू शकते, आणि मुंग्यांच्या बाबतीत असे अनेकदा घडलेले आहे. तुमची मापे, छायाचित्रे आणि स्थळांच्या नोंदी या दोन्ही परिस्थितींत उपयोगीच राहतात. संग्रहातील नमुन्याची मूळ लेबले मात्र काढू नयेत, त्यांवर खाडाखोडही करू नये. नव्या निर्णयाचे, निर्णय देणाऱ्याचे नाव व वर्ष असलेले स्वतंत्र लेबल त्याच टाचणीवर सर्वांत खाली लावावे.